फेथफुली कुठे ठेवायचं?

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये, कडाक्याच्या थंडीत आणि लाखो माणसांच्या साक्षीने, एक क्रियाविशेषण जागेवरून हललं. परिणामी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाला दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ घ्यावी लागली.

अमेरिकन अध्यक्षाची शपथ तिथल्या राज्यघटनेतच शब्दन् शब्द लिहून ठेवलेली आहे. सगळे मिळून ३५ शब्द. आपल्याकडच्या पोरांचा 'द काऊ'वरचा निबंधसुद्धा याहून लांब असतो आणि तो पाठ असतो. शपथ घेणार होते बराक ओबामा, देणार होते सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, आणि रॉबर्ट्सनी हातात कागद घेतलेला नव्हता. घटनेतलं वाक्य असं: 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स'. रॉबर्ट्सनी त्यातलं 'फेथफुली' अलगद उचललं आणि वाक्याच्या पार शेपटाला नेऊन ठेवलं. ओबामा 'आय विल एक्झिक्यूट' एवढं म्हणाले आणि थांबले. हा गृहस्थ शिकागो विद्यापीठात घटनेचा कायदा शिकवत असे; कुठला शब्द कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. रॉबर्ट्सच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने 'फेथफुली' पुढे आणलं, पण या ओढाताणीत त्यांच्या तोंडून क्रियापदच गळालं. शेवटी ओबामांनी सरन्यायाधीशांची पहिलीच, चुकलेली, आवृत्ती म्हणून टाकली आणि विषय संपवला.

सत्यनारायणाला बसलेला आपला यजमान असता तर हा प्रसंग आलाच नसता. भटजी काहीही म्हणोत, आपण 'मम' म्हणून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसच्या वकिलांनी सांगितलं की शपथ तशी वैध आहे, पण विषाची परीक्षा कशाला घ्या. मग संध्याकाळी मॅप रूममध्ये, मोजक्या माणसांत, बायबल न घेता, तीच शपथ पुन्हा झाली. रॉबर्ट्सनी विचारलं, तयार आहात ना? ओबामा म्हणाले, आहे, आणि या वेळी आपण ते अगदी सावकाश करू. 'व्हेरी स्लोली.' दोन दिवसांच्या त्या सगळ्या गोंधळात पहिल्या फटक्यात योग्य जागी पडलेलं क्रियाविशेषण ते हेच.

आता सरन्यायाधीशासारख्या माणसाची जीभ नेमकी तिथेच का घसरावी? भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी लगेच न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून निदान केलं: जीभ घसरली नाही, आतला इंग्रजीचा मास्तर जागा झाला. रॉबर्ट्स हे व्याकरणाच्या बाबतीत सोवळे. आदल्या वर्षी एका निकालपत्रात त्यांनी बॉब डिलनच्या गाण्यातली ओळ दिली होती. मूळ ओळीत रस्त्यावरचं दुहेरी नकारी इंग्रजी आहे, तर ते त्यांनी दुरुस्त करून दिलं. नंतर नोबेल मिळालेल्या कवीची शुद्धलेखनाची वही तपासणारा माणूस अमेरिकेची घटना तरी का सोडेल! इंग्रजीच्या जुन्या मास्तरांचा एक दंडक असा की सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद हे जोडपं आहे, त्यांच्या मधे कोणी बसू नये. 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मधोमध 'फेथफुली' बसलेलं पाहून सरन्यायाधीशांच्या नकळत हात पुढे झाला आणि त्यांनी त्याला उठवलं, असं पिंकर यांचं म्हणणं. मला ते पटतं. व्याकरण शिकलेल्या माणसाच्या चुका अशाच असतात. न शिकलेला एवढी मेहनत घेऊन चुकत नाही.

या दंडकाचा थोरला भाऊ म्हणजे स्प्लिट इन्फिनिटिव्ह. 'टू' आणि क्रियापद यांच्यात क्रियाविशेषण घुसवायचं नाही. कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांनी १८६४ च्या आपल्या पुस्तकात याला हरकत घेतली, आणि मग शंभर वर्षं इंग्लंड-अमेरिकेतली शाळकरी पोरं यावरून मार खात राहिली. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं असतं, ते फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये, असं यामागचं कारण सांगतात. मराठीतसुद्धा ते एकाच शब्दाचं असतं. 'धाडसाने जायला' यातलं 'धाडसाने' कोणी 'जा' आणि 'यला' यांच्या मधे कोंबून बघावं. पण म्हणून इंग्रजांनी आपल्या भाषेत आमचे नियम लावावेत असं आम्ही कधी म्हटलं नाही. १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली आणि तिच्या सुरुवातीलाच 'टू बोल्डली गो' असे शब्द आले. मास्तर मंडळी हळहळली, आणि यान तोवर निघून गेलं होतं. रेमंड चँडलर या रहस्यकथाकाराने तर एका मासिकाच्या संपादकाला लिहून कळवलं होतं की तुमच्या मुद्रितशोधकाला सांगा, मी इन्फिनिटिव्ह फोडतो तो फुटलेला राहावा म्हणूनच फोडतो.

आपल्या घटनेतल्या मंत्र्यांच्या शपथेत 'फेथफुली अँड कॉन्शिअन्शसली' अशी दोन दोन क्रियाविशेषणं आहेत. मराठीत ती 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने' अशी येतात. राजभवनात आजवर इतके शपथविधी झाले, पण कुणाचं 'निष्ठापूर्वक' जागेवरून हलल्यामुळे शपथ पुन्हा द्यावी लागली असं ऐकिवात नाही. मराठी वाक्यात ते आधी घ्या, नंतर घ्या, कर्तव्यं पार पडायची तशीच पडतात. आपल्याकडे भानगड होते ती कालवाचक क्रियाविशेषणांची. नोव्हेंबर २०१९ मधला तो शपथविधी घड्याळात पाहिलं तर सकाळी आठच्या सुमाराला झाला. पण महाराष्ट्राने एकमुखाने ठरवलं की तो 'पहाटे' झाला, आणि आता इतिहासातही तो पहाटेच होत राहील. आठ वाजता पहाट म्हणणाऱ्या लोकांविषयी इतर वेळी आपण काय बोलतो ते सोडा.

मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांना क्रियाविशेषण म्हणजे काय हे सरांनी एका दमात सांगितलेलं असे: विशेषणाला 'ली' लावा, झालं. स्लो-स्लोली, क्विक-क्विकली, ब्यूटिफुल-ब्यूटिफुली. पोरं खूश. मग कुणीतरी शहाणं पोर 'फास्टली' लिहायचं आणि सर त्यावर लाल गोल करायचे. पोराने विचारलं, सर, का? सर म्हणायचे, तसं नसतं. इंग्रजी व्याकरणातलं सगळ्यात भरवशाचं उत्तर हेच. ऑक्सफर्डचा प्राध्यापकसुद्धा शेवटी याच मुक्कामावर येतो, फक्त चार पानं जास्त घेतो.

कारण 'हार्ड'ला 'ली' लावली की मेहनत जाते आणि कामचुकारपणा येतो. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो, 'ही वर्क्स हार्डली' असं काही इंग्रजीत म्हणत नाहीत, आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे हजेरी लावून टपरीवर जातो. 'लेट'ला 'ली' लावली की उशीर जाऊन अलीकडचा काळ येतो. उलट 'फ्रेंडली', 'लव्हली', 'काउअर्डली' ही मंडळी 'ली' मिरवत हिंडतात आणि प्रत्यक्षात निघतात विशेषणं. त्यांना क्रियाविशेषण करायचं तर 'फ्रेंडलिली' म्हणायची कुणाची छाती होत नाही. 'इन अ फ्रेंडली वे' असा वळसा घालावा लागतो. आणि ज्यांना 'ली' लागायला हवी तीही कधी कधी न लावता फिरतात. घाटातल्या पाट्यांवर 'गो स्लो' असतं. तिथे 'स्लोली' रंगवायला पाटीवर जागा नसते आणि वाचायला वळणावरच्या ट्रकवाल्याला वेळ नसतो. ॲपल कंपनीने १९९७ साली 'थिंक डिफरंट' अशी जाहिरात केली, तेव्हा 'डिफरंटली' हवं म्हणून व्याकरणवाले उठले होते. कंपनीचं पुढे काय झालं ते आपण पाहतो आहोत. व्याकरणवाले आहेत तिथेच आहेत आणि बहुतेकांच्या हातात त्याच कंपनीचा फोन आहे.

पण शाळेतलं खरं क्रियाविशेषण भेटायचं दहावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये. तिथे एक चोर असे. 'ॲज सून ॲज द थीफ सॉ द पोलिसमन, ही रॅन अवे.' हे वाक्य 'नो सूनर... दॅन' वापरून लिहा. मग 'हार्डली... व्हेन' वापरून लिहा. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी त्या चोराला तीन तीन प्रकारे पळताना पाहिलं आहे! पोलिस येतो, चोर पाहतो, चोर पळतो. 'नो सूनर' लावलं की 'डिड' आणायचं आणि 'सॉ'चं 'सी' करायचं, ते विसरलं की अर्धा मार्क जातो. चोर गेला तो गेलाच, वर अर्धा मार्क घेऊन गेला. सर 'दॅन' की 'व्हेन' यावर पाव तास खर्च करायचे. त्या पोलिसाने एवढ्या वर्षांत पाठलाग का केला नाही, याबद्दल वर्गात कधी अवाक्षर निघालं नाही. आणि गंमत अशी की 'नो सूनर डिड' हे शब्द तोंडाने उच्चारलेला जिवंत माणूस मी मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात कुठेही पाहिलेला नाही. ते फक्त मार्च महिन्यात आणि फक्त कागदावर येतात.

तसंच ते 'रिमूव्ह टू'. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक.' यातला 'टू' काढा. काढला. 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट.' चहा दोन्हीकडे तेवढाच गरम, पिणारा दोन्हीकडे ताटकळलेला. 'टू' म्हणजे प्रमाणाबाहेर, नको तितकं, ही गोष्ट शाळेने इतकी घोटून घेतली आणि शाळेबाहेर पडताच सगळ्या पोरांनी ती एकजात सोडून दिली. 'तू टू गुड आहेस यार!' 'पिक्चर टू गुड होता!' इंग्रजाला वाटेल, इतका चांगला होता की बघवेना.

वर्गात या सगळ्याचं वेदवाक्य म्हणजे रेन आणि मार्टिन. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले साहेब. पुढे त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली, १९२४ साली, फ्रेंच परदेशी पलटणीतल्या मर्दुमकीची, आणि ती तुफान खपली, तिच्यावर सिनेमे निघाले. आपल्याकडे हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. वाळवंटात तलवारी आणि बंदुका चालवणारा लेखक आणि 'ॲडव्हर्ब्ज ऑफ फ्रीक्वेन्सी' क्रियापदाच्या आधी घाला असं सांगणारा लेखक एकच! सहाराच्या वाळूत त्यांना जो मोकळेपणा मिळाला तो 'ऑफन', 'सेल्डम' आणि 'ऑलवेज'ने त्यांना दिला नसणार.

आपली बाजूही थोडी समजून घेतली पाहिजे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. शाळेत आपण शब्दांच्या ज्या आठ जाती घोकतो, ती चौकट मुळात इंग्रजी व्याकरणाची. मराठी तिच्यात बसवली. बाकी जाती निमूट बसल्या, क्रियाविशेषण काही नीट बसलं नाही. पुस्तकात त्याला 'अव्यय' म्हणतात, म्हणजे न बदलणारं. आणि लगेच पुढे 'सविकारी क्रियाविशेषण अव्यय' असाही एक प्रकार देतात, म्हणजे न बदलणाऱ्यांतलं बदलणारं. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'ते चांगले गातात'. गाणं कसं, ते सांगणारा शब्द गाणाऱ्याचं लिंग पाहून वेश बदलतो. ज्याच्या कानात जन्मापासून 'ती चांगली गाते' आहे, त्याने 'शी सिंग्ज गुड' म्हटलं तर तो चुकला नाही, तो मराठी व्याकरण इमानाने पाळतो आहे. 'वेल' म्हणायचं हे त्याला निराळं शिकावं लागतं. आणि शिकून तो अमेरिकेत जातो, 'हाउ आर यू?' म्हणून कुणी विचारतं, हा घोकलेलं 'आय ॲम वेल' म्हणतो आणि समोरचा सांगतो, 'आय ॲम गुड.'

क्रमाचंही असंच. इंग्रजीत आधी कसं, मग कुठे, मग केव्हा: 'द नेबर्स फॉट लाउडली इन द चाळ लास्ट नाइट'. मराठी बरोब्बर उलट चालते: 'काल रात्री चाळीत शेजारी जोरजोरात भांडले.' आधी वेळ, मग स्थळ, मग पद्धत आणि सगळ्यात शेवटी भांडण. पंचनामा याच क्रमाने लिहितात. इंग्रज माणूस भांडण आधी सांगून मोकळा होतो आणि तारीख मागाहून चिकटवतो. त्याला साक्षीला कोर्टात कधी उभं राहावं लागलं नसावं.

आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे क्रियाविशेषणं पोत्याने आहेत. धाडकन, खाडकन, सटकन, टुणकन, गपकन, पटकन, भसकन, चटकन. 'कन' ही आमची 'ली'. फरक एवढाच की इंग्रजीची 'ली' तयार शब्दाला लागते आणि आमचं 'कन' आवाजाला लागतं; कुठलाही आवाज काढा, मागे 'कन' लावा, ऐकणाऱ्याला कळतं. 'त्याने धाडकन दार आपटलं आणि ताडताड निघून गेला.' हे इंग्रजीत सांगायचं तर 'ही स्लॅम्ड द डोअर अँड स्टॉर्म्ड आउट'. धाडकन कुठे गेलं? 'स्लॅम्ड'च्या पोटात. ताडताड? 'स्टॉर्म्ड'च्या पोटात. इंग्रजी क्रियापदं क्रियाविशेषणं गिळून बसलेली असतात. 'गल्प' म्हणजे घटाघटा पिणं, 'टिपटो' म्हणजे चवड्यांवर हळूच चालणं, 'ग्लेअर' म्हणजे खाऊ की गिळू असं बघणं. मराठीत साधं 'बघणं' घ्यायचं आणि त्याला टकामका, टुकुटुकु, रोखून, चोरून, हावरटासारखं असं काय हवं ते जोडायचं. एवढं भांडार घेऊन मराठी माणूस इंग्रजी लिहायला बसतो तेव्हा तो क्रियापदं साधी घेतो आणि क्रियाविशेषणं सढळ हाताने वाढतो. सवयच ती.

म्हणून अमेरिकन लेखक क्रियाविशेषणांच्या नावाने जे कडाकडा बोटं मोडतात ते आपल्याला लागू करताना जरा दमाने घ्यावं. स्टीफन किंगने २००० साली 'ऑन रायटिंग' या पुस्तकात त्यांच्याशी उघड वैर मांडलं. एल्मोर लिओनार्डच्या लेखी तर संवादाला जोडून क्रियाविशेषण घालणं हे महापाप. 'तो म्हणाला' एवढं पुरे. कसं म्हणाला ते सांगू नका. इंग्रजीत ठीक आहे, त्यांची क्रियापदं पोटभर जेवलेली असतात. मराठी लेखकाने हा उपास धरला तर त्याच्या गोष्टीतली माणसं नुसती येतील, बसतील, बघतील आणि जातील.

त्यांना हा राग उगाच आलेला नाही. १९१० पासून अमेरिकेत 'टॉम स्विफ्ट' नावाच्या पोराच्या साहसकथांची माळ निघाली. तिच्यातला टॉम नुसतं कधी म्हणायचा नाही. दर वेळी उत्साहाने, निर्धाराने, गंभीरपणे म्हणायचा. पुढे साठच्या दशकात याची थट्टा म्हणून कोट्यांचा एक खेळच निघाला: बोललेलं वाक्य आणि म्हणण्याचं क्रियाविशेषण एकमेकांत अडकवायचे. मराठीत हा खेळ फार चांगला जमतो, आणि तो अजून आपल्याकडे का रुजला नाही कळत नाही. 'दोर कापला,' तो तुटकपणे म्हणाला. 'आमरस संपला,' काका कोरडेपणाने म्हणाले. 'मी गच्चीवर आहे,' तो वरवर म्हणाला. 'ठेच्यात मिरच्या जास्त झाल्या,' वहिनी तिखटपणे म्हणाल्या. 'इस्त्री तापतच नाही,' भाऊ थंडपणे म्हणाला. एकदा लागली की ही सवय जेवणाच्या पानावरही सुटत नाही आणि घरातली माणसं पुढचं वाक्य बोलायला धजत नाहीत.

आता 'ओन्ली'. भारतीय इंग्रजीची टिंगल करायची झाली की पहिला बळी याचाच जातो. 'आय केम यस्टरडे ओन्ली.' 'वुई आर लाइक धिस ओन्ली.' 'ही इज सिटिंग देअर ओन्ली.' सभ्य इंग्रजी कानाला हे टोचतं. पण यामागे 'च' उभा आहे. 'कालच आलो.' 'आम्ही असेच.' 'तिथेच बसलाय.' आणि हा 'च' किती काटेकोर ते बघा. 'जोशींनीच मोदक खाल्ला' म्हणजे दुसऱ्या कुणी नाही. 'जोशींनी मोदकच खाल्ला' म्हणजे भजी तशीच राहिली. 'जोशींनी मोदक खाल्लाच' म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या पाठीवर जाऊन 'च' बसतो आणि संशयाला जागा ठेवत नाही. इंग्रज काय करतो? 'जोशी ओन्ली एट द मोदक' म्हणतो. 'ओन्ली' क्रियापदाच्या आधी ठेवायचं हा त्यांचा रिवाज. आता यातून भजी राहिली, की नुसता खाल्ला पण तळला नाही, की एवढंच केलं बिचाऱ्याने, हे तुम्ही आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचं. कायद्याच्या मसुद्यांत या 'ओन्ली'च्या जागेला फार जपावं लागतं. आमचा माणूस 'ओन्ली' उचलून ज्या शब्दाला हवं त्याच्या मागे ठेवतो, 'टुडे इटसेल्फ' म्हणजे 'आजच' म्हणतो, आणि हसं त्याचं होतं.

एरवी आपण इंग्रजी क्रियाविशेषणं परकी राहू दिलेली नाहीत. 'ॲक्चुअली ना', 'बेसिकली काय झालं', 'ऑब्व्हियसली अगं' यांच्याशिवाय पुण्यात वाक्य सुरूच होत नाही. 'बेसिकली' म्हटल्यावर मूळ मुद्दा येईल असं समजू नये. मुद्दा यायला अजून पाच मिनिटं आहेत एवढाच त्याचा अर्थ. 'लिटरली' तर कॉलेजातल्या पोरी श्वासागणिक म्हणतात: 'मी लिटरली मेले.' यावरून ज्यांचं डोकं उठतं त्यांनी लक्षात घ्यावं की मेरियम-वेबस्टरच्या कोशात हा अतिशयोक्तीचा अर्थ १९०९ पासून नोंदलेला आहे. तेव्हा मरणाऱ्या पोरींच्या पणज्याही लिटरली मरत होत्या. 'होपफुली'वरून असाच कित्येक वर्षं तंटा चालला. 'होपफुली, ट्रेन वेळेवर येईल' यात आशा कुणाला आहे, ट्रेनला का, असा सवाल. एपी या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने २०१२ साली हात टेकले आणि परवानगी दिली. ट्रेन तेव्हापासूनही आपल्या वेळेनेच येते आहे.

काही क्रियाविशेषणं मात्र एकेका कामासाठी राखून ठेवलेली असतात. 'कॉर्डिअली' फक्त लग्नपत्रिकेत. तिथे 'कॉर्डिअली इन्व्हाइट' केलेला माणूस मांडवात गेला की 'कॉर्डिअली' जेवला असं कुणी म्हणत नाही. बुफेच्या रांगेत तो शब्दच गळून पडतो. 'काइंडली' फक्त ऑफिसच्या मेलमध्ये, आणि तोही दुसऱ्या स्मरणपत्रापासून पुढे. ज्या मेलमध्ये 'काइंडली' आहे त्यात दया शोधू नये. पत्राच्या शेवटी तर साहेबांनी पक्का नियम घालून दिला: वर 'डिअर सर' असेल तर खाली 'युअर्स फेथफुली', वर नाव असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही त्याच्याशी निष्ठा ठेवायची आणि ज्याचं माहीत आहे त्याच्याशी नुसतं प्रामाणिक असायचं. मराठीत आपण 'आपला विश्वासू' म्हणून तेच केलं, फक्त क्रियाविशेषणाचं विशेषण करून टाकलं. शाळेच्या रजेच्या अर्जाखाली मात्र 'युअर्स ओबीडिअंटली' लिहायचं असे. वर ताप आल्याचं खोटं कारण, खाली आज्ञाधारकपणा.

आणि एक 'डीपली' आहे, तो राहतो रेल्वे स्टेशनवर. गाडीला उशीर झाला की मुंबईत घोषणा आधी मराठीत होते, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मराठीत 'आम्ही दिलगीर आहोत', हिंदीत 'हमें खेद है', आणि इंग्रजीत 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड'. मराठी आणि हिंदी प्रवाशाला साधी दिलगिरी, इंग्रजीवाल्याला खोल. पुष्कळांना हा भेदभाव वाटतो. मला वाटतं तसं नसावं. पहिल्या घोषणेपासून तिसऱ्या घोषणेपर्यंत गाडी आणखी थोडी लेट झालेली असते, तेवढा खेद खोल जात असेल.